एक अख्खी बॅच बघू द्या: लोटे, महाड, रोह्याच्या कारखानदारांना खुलं पत्र

लोटे परशुराम, महाड आणि रोहा-धाटाव इथल्या केमिकल कारखान्यांचे मालक, डायरेक्टर, प्लांट हेड मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले निम्मे जण मला ओळखतात, कोणी यील्डवाला म्हणून, म्हणजे घातलेल्या मालातून जास्त पक्का माल काढून देणारा कन्सल्टंट, कोणी तो बिल जास्त लावणारा म्हातारा म्हणून. आज बिल नाहीये, मागणं आहे. चारपाच जणांकडे ते खासगीत करून झालं, सगळ्यांनी चहा पाजला, "नक्की बघू सर" म्हणाले आणि गेटपर्यंत सोडायला आले, म्हणून आता उघड लिहितोय, राग मानू नका.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय हे तुम्हाला माहीत आहेच, कारण दर उन्हाळ्यात कॉलेजांची पत्रं तुमच्या एचआरच्या टेबलावर येऊन पडतात. ४ क्रेडिट, १२० तास. माझ्या चुलत भावाची मुलगी मागच्या वर्षी अशीच एका कारखान्यात गेली, कुठल्या ते सांगत नाही, कारण तो एकटाच दोषी नाही. १२० तासांत तिने गेट पाहिलं, कॅन्टीन पाहिलं आणि क्यूसीमधलं, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमधलं, झेरॉक्स मशीन पाहिलं. मशीन चांगलं होतं म्हणाली, दोन्ही बाजूंनी छापतं. रिअॅक्टर पाहिला तो ऑफिसच्या खिडकीतून, म्हणजे त्याचं वरचं झाकण आणि दोन पाइप. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं त्यावर प्लांट ऑपरेशनचं सखोल प्रशिक्षण घेतलं असं छापलेलं, खाली सही, वर गोल शिक्का. तिला ते घरात दाखवायची लाज वाटली, बापाने मात्र फ्रेम करून लावलं, आता ते भिंतीवर आहे आणि मी गेलो की ती दुसरीकडे बघते.

माझं मागणं एवढंच की या १२० तासांतले निदान दोन-तीन दिवस पोरांना एक बॅच, म्हणजे मालाचा एक घाणा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू द्या. चार्जिंगपासून, म्हणजे कच्चा माल आत टाकण्यापासून, ड्रायरमधून माल बाहेर पडेपर्यंत, मधली रात्र धरून. एकच बॅच, पण अख्खी.

एवढं का मागतोय ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

१९९१ साली मी एमएस्सी होऊन लोट्याला शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा मला नायट्रेशनची मेकॅनिझम झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती, नायट्रोनियम आयन कसा तयार होतो, कुठून हल्ला करतो, बाण कुठून कुठे जातो, सगळं. तिसऱ्याच महिन्यात नाइटला असताना बॅचमध्ये मिक्स अॅसिड, म्हणजे नायट्रिक-सल्फ्युरिकचं मिश्रण, सोडणं चालू होतं, टेंपरेचर १० च्या खाली ठेवायचं होतं, बाहेर जुलैचा पाऊस, आणि लाइट गेली. डीजी म्हणजे जनरेटर लागला, ब्राइनचा, म्हणजे थंड करणाऱ्या मिठाच्या पाण्याचा, पंप चालू झाला, दिवे आले, पण अॅजिटेटर, म्हणजे आतला माल ढवळणारा पंखा, ट्रिप झालेला कोणाच्या लक्षात आला नाही, आणि अॅसिड तर वरच्या टाकीतून आपोआप उतरत होतं, त्याला लाइट लागत नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पंचवीस मिनिटं तरी. मी लॉगशीट बघतो तर टेंपरेचर मस्त, उलट दोन अंश खाली आलेलं. मी खूश. मग शाफ्ट फिरत नाहीये हे दिसलं, मी अॅसिडचा व्हॉल्व बंद केला आणि सरळ स्टार्टरच्या बटणाकडे हात नेला.

आमच्या शिफ्टचे ऑपरेटर मामा होते, शाळा चौथीपर्यंत, गाव खाडीपलीकडे. एरवी मला "सायेब, तुमी" असं बोलायचे. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "हात काड आदी. हलवलंस तर समदा वर जाईल."

मला कळलंच नाही. टेंपरेचर तर खाली आहे! त्यांनी बाकीच्यांना मजल्यावरून खाली पाठवलं, जॅकेटला ब्राइन पूर्ण खोलून दिली, तळाच्या डंप व्हॉल्ववर एका माणसाला उभं केलं आणि आम्ही थांबलो, तासभर नुसते थांबलो. मग त्यांनी मोटर एक सेकंद मारली आणि बंद केली. काटा सरसर चार अंश वर. थांबलो, खाली येऊ दिला. परत एक सेकंद. असं पहाटेपर्यंत चाललं. झालं असं होतं की अॅसिड जड म्हणून तळाशी जाऊन बसलेलं, वर आमचा ऑरगॅनिक थर, दोघांची गाठ पडत नव्हती म्हणून उष्णता नव्हती म्हणून टेंपरेचर खाली. मी बटण दाबलं असतं तर पंचवीस मिनिटांची सगळी रिअॅक्शन एका मिनिटात झाली असती. मामांना हे अॅक्युम्युलेशन (रिअॅक्शन न होता माल साठत जाणं) वगैरे शब्द माहीत नव्हते, त्यांनी आधी दुसऱ्या एका ठिकाणी असंच झालेलं डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी परत "सायेब, तुमी" सुरू.

त्या रात्रीबद्दल माझ्या एमएस्सीच्या दोन वर्षांत एक ओळ नव्हती. आणि खरं सांगतो, आजही फारशी नाहीये.

आता मी कॉलेजांत जातो तेव्हा पहिल्या तासाला एकच हिशेब घालतो. रिअॅक्शन मोलला १०० किलोज्यूल उष्णता देते, एक किलो मासमध्ये, म्हणजे रिअॅक्टरमधल्या मिश्रणात, २ मोल माल आहे, आणि त्या मासची स्पेसिफिक हीट २ किलोज्यूल प्रति किलो प्रति डिग्री. कूलिंग पूर्ण बंद पडलं तर टेंपरेचर किती वाढेल? दोनशे भागिले दोन, शंभर अंश. सहावीतला भागाकार आहे हो. पण वर्गात शांतता पसरते, कारण त्यांना वाटतं की यात काहीतरी सूत्र असणार. मग मी पुढे विचारतो की दर १० अंशाला रिअॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरलं तर शंभर अंशांत किती? दहा वेळा दुप्पट, म्हणजे हजारपट. तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा पोरगा "बापरे" म्हणतो, आणि तो पोरगा मला हवा असतो.

दुसरं सांगतो ते लग्नाच्या भाताचं. घरच्या पातेलीतला भात दहा मिनिटांत कोमट होतो, पण लग्नातला मोठा टोप दुपारी उतरवला तर संध्याकाळी भांडी घासायला बायका येतात तेव्हाही मध्ये हात घालवत नाही. कारण आतला भात घनाने वाढला आणि बाहेरचा पत्रा वर्गाने. एक लिटरच्या फ्लास्कवरून त्याच आकाराच्या पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरवर गेलात की दर लिटरमागे थंड करायला मिळणारी भिंत साधारण सतराव्या हिश्शावर येते. लॅबमध्ये बर्फाच्या घमेल्यात दहा मिनिटांत केलेली अॅडिशन प्लांटवर सहा तास का घेते हे एवढ्यात कळतं. पण कळणं वेगळं आणि सहा तास तिथे उभं राहून काटा बघणं वेगळं, ते मी फळ्यावर देऊ शकत नाही, ते तुमच्याकडे आहे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला १९ डिसेंबर २००७ ला टी-टू लॅबोरेटरीज नावाच्या छोट्या कारखान्यात रिअॅक्टर फुटला, ४ माणसं गेली, ३२ जखमी, त्यातले बहुतेक शेजारपाजारचे. कंपनीचे मालक कोण होते? एक केमिस्ट, एक केमिकल इंजिनिअर. म्हणजे आपल्यासारखेच शिकलेले. सोडियम धातूची रिअॅक्शन, थंड करायला पाण्याची एकच लाइन, दुसरी सोय नाही, आणि ती १७५ वी बॅच होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण "आमची प्रोसेस दहा वर्षं चालतेय, काही झालं नाही" हे वाक्य मी तुमच्या केबिनमध्ये बसून फार वेळा ऐकलंय. तिकडच्या सरकारी चौकशी मंडळाने अहवालात आणखी एक केलं, कारखान्याबरोबर शिक्षणाकडेही बोट दाखवलं, आणि केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवीच्या अभ्यासक्रमात अशा रिअॅक्शनचे धोके शिकवा अशी शिफारस केली. आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी अॅक्ट सुधारला, १९८९ ला घातक रसायनांचे नियम आले, कागद भरपूर झाले. वर्गात काय बदललं ते मी वर सांगितलंच.

बरं, ही झाली भीतीची बाजू, आणि नुसती भीती दाखवून तुम्ही पोरं आत घ्याल असं मला वाटत नाही, उलट गेटच बंद कराल. तेव्हा पैशाचं बोलतो.

२०१० ला मी नोकरी सोडली. बायको म्हणाली, "कन्सल्टंट म्हणजे नक्की काय करणार?" मी म्हटलं, लोकांचं ऐकून घेणार. ती म्हणाली, ते घरी कधी जमलं नाही. असो. पहिलंच काम आलं ते फिल्टरेशनचं. लॅबमध्ये बुकनर फनेलच्या गाळणीवर चार मिनिटांत गळणारा माल प्लांटवर सेंट्रीफ्यूजला चौदा तास घेत होता, कपडा चोंदायचा, मालक नवीन मशीन घ्यायच्या तयारीत होते. मी दोन रात्री प्लांटवर बसलो. ऑपरेटर रिअॅक्शन संपली की जॅकेटला एकदम ब्राइन मारायचा, शिफ्ट संपायच्या आत खाली उतरवायचं म्हणून. खडीसाखर कोणी बर्फात टाकून करतं का? दोरा सोडतात आणि गप्प बसतात. मी आदल्या बॅचचा मूठभर कोरडा माल मागवला, ठरलेल्या टेंपरेचरला सीड म्हणून, दाणा धरायला बी म्हणून, टाकला आणि पाच तासांत हळूहळू थंड करायला लावलं. दाणा आला रव्यासारखा, फिल्टरेशन दोन तासांत. मालक म्हणाले, "मूठभर पावडरीचे एवढे पैसे?" मी म्हटलं, पावडर तुमचीच होती. पैसे मिळाले, तीन महिन्यांनी.

आता सांगा, यात मी कुठलं मोठं ज्ञान वापरलं? तुमच्याकडे आठ-दहा केमिस्ट होते, सगळे माझ्यापेक्षा हुशार, पण एकानेही ती बॅच सलग पाहिलेली नव्हती. फर्स्टवाल्याने चार्जिंग पाहिलं, सेकंडवाल्याने रिअॅक्शन, नाइटवाल्याने कूलिंग, आणि सेंट्रीफ्यूजला शिव्या देणारा चौथाच. माझं निम्मं कन्सल्टिंग हे असं आहे, मी फक्त सलग जागा राहतो.

आणि कोकणातला कारखाना हा कोकणातल्या माणसाला जास्त कळतो, हे भावनेतून नाही म्हणत. देशावर कोरड्या हवेत बसवलेली प्रोसेस इथे आणली की जुलैत घसरते. आपली हवा पावसाळ्यात पाण्याने भरलेली असते, ३० अंशाला भरगच्च ओली हवा घनमीटरला जवळपास ३० ग्रॅम पाणी धरते, आणि तुम्ही रिअॅक्टरचा मॅनहोल, म्हणजे वरचं तोंड, उघडा ठेवून थायोनिल क्लोराइड चार्ज करता, मग ते आतल्या मालाऐवजी या पाण्याशी लग्न लावतं, वायू धुणारा स्क्रबर धुराने भरतो आणि यील्ड पडतं. उघड्यावर ठेवलेल्या टोल्युइनच्या ड्रमच्या झाकणावर पाणी साचतं, रात्री ड्रम गार झाला की तेच पाणी आत ओढलं जातं, कोणी बघत नाही. कूलिंग टॉवरचं तसंच, हवाच ओली म्हटल्यावर पाणी उडणार कसं आणि गार होणार कसं? एका ठिकाणी सलग तीन वर्षं पावसाळ्यात तीन-चार टक्के कमी यील्ड येत होतं, सप्लायर बदलून झाला, क्यूसीचा माणूस बदलून झाला. खेडच्या बाजूचा एक नवीन लागलेला हेल्पर म्हणाला, "सर, आमच्याकडे पावसात मीठ पन पाझरता." झालं, तिथून मूळ सापडलं. त्याला कोणी विचारलेलं नव्हतं इतकंच.

म्हणून मला हे सहन होत नाही की इथली पोरं इथे फक्त कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर म्हणून आत जातात आणि एमएस्सी झालेली तीच पोरं वापी, अंकलेश्वर, तारापूरला खोली करून राहतात, आणि तुम्ही परत मला फोन करता की सर, कोणी टिकाऊ केमिस्ट आहे का, बाहेरचे वर्षभरात जातात. गणपतीत आणि शिमग्यात अर्धा प्लांट रजेवर जातो ही तुमची तक्रार खरी आहे, मान्य. पण तो परतही येतो.

शिकवण्याकडे मी ठरवून वळलो नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा माझं ऑफिस तळमजल्यावर होतं. नोकरीतल्या आणि कन्सल्टिंगच्या मिळून तीसेक वह्या होत्या, रात्रीच्या नोंदी, फसलेल्या बॅचेस, कुठल्या टेंपरेचरला काय झालं, मामांची वाक्यं तारखेसकट. पाणी उतरल्यावर त्यांचा लगदा झालेला, शाई गेलेली, चिखल आणि वर डिझेलचा वास. दुकानं गेली लोकांची, संसार गेले, त्यापुढे वह्यांचं काय, म्हणून कोणाला बोललो नाही. पण नंतर लक्षात आलं की आता जे आहे ते डोक्यातच आहे आणि डोकंही काही वॉटरप्रूफ नाही. पुढच्या जूनमध्ये एका कॉलेजला जाऊन म्हटलं, शनिवारी दोन तास द्या, मानधन नको. तेव्हापासून चालू आहे.

जगात हे काही नवीन नाही. प्रोसेस केमिस्ट्री हा वेगळा विषय आहे हे मान्य व्हायलाच वेळ लागला, तिचं स्वतःचं ऑर्गॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट हे जर्नल निघालं ते १९९७ साली, आणि त्याचे पहिले संपादक ट्रेव्हर लेर्ड हेही कारखान्यात काम करून मग कन्सल्टंट झालेले, उद्योगातल्या केमिस्टना शिकवत फिरणारे गृहस्थ. आपल्याकडे माटुंग्याची यूडीसीटी, आताची आयसीटी, ही केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था १९३३ पासून आहे आणि उद्योगाशी तिचं नातंही जुनं आहे. पण माटुंगा माटुंग्याला आहे. गुहागर-दापोलीच्या पोराला लोटेच जवळ.

तुमचे नकार मला पाठ आहेत. पहिला, सिक्रसी. अहो, पोरांना मालाचं नाव सांगूच नका, ए आणि बी म्हणा, माझ्याकडून घेता तशी गुप्ततेची सही त्यांच्याकडूनही घ्या. तसंही शेजारचा कारखाना तुमची प्रोसेस चोरायला विद्यार्थी पाठवत नाही, तुमचा केमिस्टच पगार वाढवून घेऊन जातो. दुसरा, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. हा प्रश्न बरोबर आहे आणि याला मी उडवून लावत नाही. नायट्रेशन दाखवा असं मी म्हणतच नाहीये, एखादं साधं एस्टरिफिकेशन दाखवा, क्रिस्टलायझेशन दाखवा, कोणी व्हॉल्वला हात लावणार नाही, फक्त बघतील, लिहितील आणि सॅम्पलची टीएलसी, म्हणजे रिअॅक्शन कुठवर आली ते बघायची चाचणी, लावतील. इन्शुरन्सचं कॉलेज आणि तुम्ही मिळून बसा, तो कागद होण्यासारखा आहे.

तिसरा नकार मला सगळ्यात जास्त बोचतो. "मुली असतील तर क्यूसीत बसवू सर, प्लांटवर नको." माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत. हिशेब आधी त्याच करतात. त्या रिअॅक्टरच्या मजल्यावर चढल्या तर काय होईल म्हणे? बाथरूम नाही, हे खरं कारण आहे, ते कोणी तोंडाने बोलत नाही. मग बांधा की.

आणि एक गोष्ट, जी तुमच्यापेक्षा मला स्वतःलाच जास्त लागू आहे. माझ्या वर्गात खाडीकाठच्या घरातली पोरं आहेत, ज्यांचे आजोबा जाळी टाकायचे आणि ज्यांच्या घरात केमिकल हा शब्द शिवीसारखा वापरतात. शेल्डन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९२ ला साधा हिशेब मांडला, एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधांच्या धंद्यात हा आकडा २५ ते १०० किंवा वरही जातो असं त्याने दाखवलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही यील्ड वाढवलं तेव्हा कचरा किती कमी झाला ते मोजलं होतं का?" मी मोजलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि बिल यील्डवर निघायचं. आता मोजतो. असा प्रश्न विचारणारी मुलगी तुमच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या जागी, दोन दिवस उभी राहिली तर तुम्हाला अवघड जाईल हे मला कळतं, पण तुमचा सॉल्व्हंट कुठे पळतोय हेही तीच सांगेल.

तर आता नक्की काय ते. यंदा दोन कॉलेजांची मिळून २२ मुलं-मुली आहेत, शिमगा झाला की मोकळी. चार-चारचे गट करतो, शेवटच्या दोन गटांत तीन-तीन, म्हणजे मला सहा कारखाने हवेत, एकेक बॅच. प्रत्येक गटाबरोबर पूर्ण वेळ मी स्वतः असेन, रात्रीसुद्धा, फी नाही. तुमच्याकडून एक ऑपरेटर पाहिजे, जुना, बोलका, सेफ्टी ऑफिसरने निवडलेला नको, शिफ्टने निवडलेला. पोरं लॉगशीट स्वतःची वेगळी ठेवतील आणि जाताना एक प्रत तुम्हाला देतील, त्यात तुमच्या लॉगशीटपेक्षा वेगळं काही दिसलं तर आपण चहा घेऊ.

लोट्यातल्या एकाने होकार कळवलाय, नाव त्यांनीच सांगावं. पाच राहिले. हेल्मेट आणि गॉगल तुमच्या स्टोअरमधून द्या, शूज मी आणतो, सगळ्यांच्या पायांची मापं घेऊन ठेवलीत. सगळ्यात लहान माप ४ नंबर आहे, ते खेडच्या दुकानात मिळालं नाही, चिपळूणहून मागवलंय.

आपला,
तोच, यील्डवाला